पायाखालचं मेण

ओउलूला डिसेंबरात उजेड उशिरा कामावर येतो
आणि लवकर घरी जातो.
त्या चार तासांत आणि नंतरच्या अंधारात
मी बर्फफोड्या जहाजांचं वेळापत्रक लिहिते :
कुठलं आधी निघणार, कुठलं अडकून राहणार,
गोठलेल्या समुद्रात कोण कोणाच्या मागे.

सप्टेंबरातच कंपनीनं एकेक मदतनीस दिला होता.
हाडामांसाचा नव्हे.
मागाल तो कोड लिहून देणारा,
न थकणारा, विचारलं तर लगेच बोलणारा.
"माझ्या नवऱ्याच्या अगदी उलट," इर्या म्हणाली.

पण तो राहायचा दुसऱ्या खिडकीत.
त्याच्याकडे जायचं तर आधी पासवर्ड,
मग फोनवर आलेले सहा आकडे,
मग माझी फाइल उचलून त्याच्यापुढे ठेवायची,
काल सांगितलेलं आज पुन्हा सांगायचं :
बाबा रे, आमच्याकडे वाट म्हणजे रस्ता नव्हे,
बर्फात कापलेली भेग. रात्रीत ती मिटते.
नमनालाच घडाभर तेल.
तोवर डोक्यात धरलेल्या पाच धाग्यांतले
तीन सुटलेले.
उत्तर यायचं. बरंही असायचं.
प्रश्न काय होता, ते मात्र मला आठवावं लागायचं.

मग मी खुर्चीच ढकलायची
दोन टेबलं पलीकडे, वेइक्कोकडे.
त्याला पासवर्ड नव्हता.
तो पडद्याकडे बघायचा, मिशी चावायचा,
"हं" म्हणायचा.
बहुतेकदा त्या "हं"मध्ये चूक सापडायची,
मलाच.

जानेवारीत आलेख आला. वापर घसरलेला.
हेल्सिंकीहून साहेबीण पडद्यावर म्हणाली,
"तुमचा विश्वास नाही का त्याच्यावर?"
आम्ही बाराजण गप्प.
इथल्या गप्प बसण्यात रेडिएटरमधलं पाणी ऐकू येतं.
मला म्हणायचं होतं, विश्वासाचं काही नाही हो,
विहीर गोड आहे, दोर तोकडा आहे.
पण मीही पाणी ऐकत बसले.

एइतूनं ते मनावर घेतलं.
वय चोवीस, कानांत सदा काहीतरी खुपसलेलं.
शनिवार-रविवारात एकोणीस ओळी लिहिल्या,
आणि सोमवारी मदतनीस माझ्याच खिडकीत,
एका बटणावर, तोंड उघडायच्या आत हजर.
त्याला फाइल ठाऊक, भेग ठाऊक.
पहिल्या आठवड्यात मी महिन्याचं काम उपसलं.
दुसऱ्या आठवड्यात वाचणं सोडलं.
टॅब. टॅब. होय. टॅब.

तिसऱ्या मंगळवारी वेळापत्रकानं
दोन जहाजं एकाच भेगेत समोरासमोर पाठवली.
चाचणीतच पकडलं, कुणी बुडालं नाही.
पण "होय" माझंच होतं.
कधी म्हटलं, ते काही केल्या आठवेना.

रविवारी वेइक्कोच्या अंगणात, उणे अकरा,
त्यानं मला त्याच्या स्की धरायला लावल्या.
दोन्ही टोकांना गुळगुळीत मेण.
मधोमध, पाय दाबतो तिथे, चिकट,
अंगठ्यानं चोळून चोळून बसवलेलं.
"सगळीकडे गुळगुळीत लावलंस
तर चढावर मागे येशील.
सगळीकडे चिकट लावलंस
तर या अंगणातच राहशील."
तीस वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेलं
हे सगळ्यात लांब भाषण.

सोमवारी मी एइतूला म्हटलं,
होय म्हणायच्या आधी मला एक ओळ लिहायला लाव,
माझ्या शब्दांत : हे नेमकं करतं काय.
तो कानातलं काढून बघत राहिला.
"अडथळा परत हवाय?"
पासवर्ड नको, म्हटलं. तळपायाएवढाच.

किती म्हणजे तळपायाएवढा, ते अजून जमत नाही.
कधी ती ओळ लिहिताना चिडते.
कधी लिहिताच येत नाही,
तेव्हा खुर्ची ढकलते.
चाकं फार कुरकुरतात, तेल घाल, इर्या म्हणते.
घालीन, म्हणते मी,
आणि घालत नाही.